अपक्ष कोणाचा?
होम्स काऊंटीतील एका निवडणुकीचा धडा

१९८५ साली मराठवाड्यातील एका राखीव मतदारसंघात मी एका अपक्ष उमेदवाराचा मतमोजणी प्रतिनिधी होतो. उमेदवार वस्तीतलाच, शिकलेला, वकिली करणारा. त्या काळी अनुसूचित जातीच्या उमेदवाराला विधानसभेसाठी एकशे पंचवीस रुपये अनामत भरावी लागे. ती आम्ही वर्गणी काढून भरली होती. प्रचार सायकलवरून केला. मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंतच कळून चुकले, की एकूण मतांचा सहावा हिस्सा काही पडत नाही. अनामत गेली. संध्याकाळी वस्तीत परतलो तेव्हा पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने जयभीम घातला आणि विचारले, “वकीलसाहेब, येक सांगा. तुमाला उभं कुनी केलं व्हतं?”

वकीलसाहेब म्हणाले, “कुणी नाही बाबा. माझा मीच उभा राहिलो.”

म्हातारा म्हणाला, “मंग तुमचं तुमीच पडलात.”

तेव्हा मला त्याचा राग आला होता. ज्या माणसाने कोणाचे तिकीट मागितले नाही, कोणाच्या बंगल्यावर हेलपाटे घातले नाहीत, त्याची ही किंमत? पण तो प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. ‘अपक्ष’ या शब्दाकडे आपण दोनच नजरांनी पाहतो. एक तर तो मते फोडण्यासाठी पैसे घेऊन उभा केलेला माणूस, नाहीतर तो एकाकी आदर्शवादी. तिसरी शक्यता आपल्याला सुचत नाही. त्या तिसऱ्या शक्यतेचे एक उदाहरण मला पुढे वाचनात सापडले, ते आपल्या देशातले नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतील मिसिसिपी राज्यात, होम्स काऊंटी नावाच्या एका गरीब ग्रामीण भागात, १९६७ साली एक कृष्णवर्णीय शिक्षक राज्य विधिमंडळाच्या जागेसाठी अपक्ष म्हणून उभा राहिला आणि निवडून आला. त्याचे नाव रॉबर्ट क्लार्क. त्या निवडणुकीचा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

इतक्या दूरचे उदाहरण कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आले, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पण तो काळा चित्ता मुळात कोठून आला, हे फारसे कोणी सांगत नाही. तो बंदुकीच्या दस्त्यावरून आलेला नाही. तो मतपत्रिकेवरून आला. अलाबामा राज्यातील लाऊंड्स काऊंटीत लोकसंख्येत कृष्णवर्णीय मोठ्या बहुमताने होते. पण १९६५ च्या आरंभी मतदारयादीत त्यांचे नाव जवळजवळ नव्हतेच. त्या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे निवडणूक चिन्ह कोंबडा होते आणि त्या चिन्हासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा उघड उघड छापलेली असे. तेथील लोकांनी स्टोकली कारमायकेल आणि त्यांच्या विद्यार्थी सहकाऱ्यांच्या मदतीने काऊंटीपुरता आपला स्वतंत्र पक्ष काढला. मतदारांत निरक्षर पुष्कळ होते, म्हणून चिन्ह हवे होते. त्यांनी उडी घेणारा काळा चित्ता निवडला. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांचे सगळे उमेदवार पडले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या तरुणांनी ते चिन्ह उचलले होते, आणि सहा वर्षांत ते नाव आपल्या झोपडपट्ट्यांपर्यंत येऊन पोहोचले. म्हणजे आपल्या चळवळीच्या नावातच एका स्वतंत्र उमेदवारीची आठवण दडलेली आहे. आपण चित्त्याची झेप घेतली. ज्या पेटीत मत टाकण्यासाठी तो जन्मला, ती पेटी मात्र विसरलो.

आता होम्स काऊंटीकडे वळू. काऊंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा, फक्त लोकसंख्येने फार लहान. होम्समधील सुमारे सत्तर टक्के लोक कृष्णवर्णीय होते. जमीन कापसाची. बहुसंख्य कुटुंबे गोऱ्या मळेवाल्यांच्या जमिनीवर वाटेकरी म्हणून राबणारी. घर मळेवाल्याचे, बियाणे त्याचे, हिशेबाची वहीही त्याचीच. अशा माणसाने मतदार म्हणून नाव नोंदवायचे म्हणजे काय, हे फॅनी लू हेमर यांच्या उदाहरणावरून कळते. त्याच राज्यातील सनफ्लॉवर काऊंटीत ऑगस्ट १९६२ मध्ये त्या नाव नोंदवायला गेल्या आणि अठरा वर्षांचे काम व घर त्यांना एका दिवसात सोडावे लागले. आपल्याकडे गावकीची कामे नाकारणाऱ्या महारांवर बहिष्कार पडत, त्यांचे पाणी व दुकान बंद होई, ते आठवले म्हणजे ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

परंतु होम्समध्ये एक फरक होता. १९४० च्या सुमारास, रूझवेल्ट यांच्या राजवटीत, सरकारी योजनेखाली माइलस्टन या भागातील जुन्या मळ्यांची जमीन शंभराच्या आसपास कृष्णवर्णीय कुटुंबांना दीर्घ मुदतीच्या कर्जाने मिळाली होती. ही कुटुंबे स्वतःच्या जमिनीवर कसत होती. सहकारी संस्था चालवत होती. त्यांना घरातून बाहेर काढील असा मालक कोणी नव्हता. एप्रिल १९६३ मध्ये याच माइलस्टनचे चौदा शेतकरी मतदार म्हणून नाव नोंदविण्यासाठी लेक्झिंग्टन येथील कचेरीत गेले. दारात बंदूकधारी पोलीस उभे होते. पहिला कोण येतो, असे दरडावून विचारण्यात आले. हार्टमन टर्नबो नावाचा शेतकरी पुढे झाला. पुढच्याच महिन्यात त्याच्या घरावर पेटते बॉम्ब पडले. त्याने बंदूक घेऊन हल्लेखोरांना पिटाळले. आणि स्वतःचे घर स्वतःच जाळले, या आरोपावरून अटक झाली ती टर्नबोलाच! वस्ती जळते आणि वस्तीवरच गुन्हा दाखल होतो, हा न्याय आपल्या वाचकांना अनोळखी नाही.

माझ्या मते या निवडणुकीची पहिली ओळ येथे, या जमिनीवर लिहिली गेली. क्लार्क १९६७ साली निवडून आला, त्याआधी सत्तावीस वर्षे लोकांच्या पायाखाली थोडी स्वतःची जमीन आली होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, तेव्हा तो केवळ पोटाचा प्रश्न नव्हता. ज्याचे पोट दुसऱ्याच्या हातात, त्याचे मतही दुसऱ्याच्या हातात. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, त्यामागेही हीच दृष्टी होती. बलुत्यावर जगणारा माणूस गावाविरुद्ध मत देऊ शकत नाही.

मिसिसिपीत कायद्याची भिंतही होती. १८९० च्या राज्यघटनेने मतदानपट्टी आणि परीक्षा आणली होती. राज्यघटनेतील एखादे कलम वाचून त्याचा अर्थ अधिकाऱ्याचे समाधान होईल असा सांगायचा. आणि अधिकाऱ्याचे समाधान चामडीच्या रंगावर अवलंबून असे. म्हणून १९६४ पर्यंत या राज्यात मतदानाच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीयांपैकी सात जणसुद्धा यादीत नव्हते. ऑगस्ट १९६५ मध्ये केंद्राचा मताधिकार कायदा आला, त्याने या परीक्षा बंद केल्या आणि नोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी पाठविण्याची तरतूद केली. १९६७ पर्यंत हे प्रमाण शेकडा साठाच्या घरात गेले. असा बदल केवळ कायद्याने होत नाही. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक चर्चमध्ये बैठका घेणारी संघटना त्यामागे होती. तिचे नाव मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी.

हा पक्ष १९६४ साली स्थापन झाला, कारण राज्यातील अधिकृत डेमोक्रॅटिक पक्षात काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटी येथील राष्ट्रीय अधिवेशनात त्यांनी राज्याचे खरे प्रतिनिधी आम्हीच, असा दावा केला. श्रेष्ठींनी तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. आणि त्या दोघांत कोण बसेल, हेसुद्धा श्रेष्ठींनीच ठरविले. वाटेकरी आणि मोलकरणींच्या त्या प्रतिनिधी मंडळाने त्या दोन जागा नाकारल्या. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. दोन जागा थोड्या होत्या, एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. आमच्यातून कोण, हे तुम्ही ठरवणार असाल तर ती जागा आमची नव्हे, हे त्यांचे म्हणणे होते.

अधिकृत पक्षाचे दार बंद, म्हणून अपक्ष म्हणून उभे राहायचे, हा मार्ग उरला. मताधिकार कायद्यामुळे यादीत नावे येऊ लागली तसा राज्यकर्त्यांनाही हा मार्ग दिसला. मग मिसिसिपीच्या विधिमंडळाने १९६६ साली काय केले ते पाहण्यासारखे आहे. कोणाचे मत काढून घेतले नाही. ते आता शक्य नव्हते. त्यांनी अपक्ष उमेदवारीचे नियम बदलले. ज्याने पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत दिले, त्याला अपक्ष उभे राहता येणार नाही. अर्ज दाखल करण्याची मुदत अलीकडे आणली. अर्जावर लागणाऱ्या मतदारांच्या सह्यांची संख्या वाढवली. सही प्रत्येकाने स्वतः करायची आणि आपले मतदान केंद्र स्वतः लिहायचे. एकेक अट सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटेल. पण नुकतेच यादीत आलेले, पिढ्यान्‌पिढ्या शाळेपासून दूर ठेवलेले मतदार डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या अटींचा नेम कोणावर होता ते कळते. शिवाय, ११ काऊंट्यांत शाळा अधीक्षकाचे पद निवडणुकीतून काढून नेमणुकीचे केले. जेथे काळी मते जिंकू शकतात, तेथे मतदानच नको!

या कायद्यांविरुद्ध लोक न्यायालयात गेले. मार्च १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की असे बदल केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून अमलात आणता येत नाहीत. अपक्षांवरील अटीही त्यात आल्या. पण दरम्यान झालेल्या निवडणुका रद्द केल्या नाहीत. निकाल बाजूने लागला आणि गेलेली वर्षे मात्र परत आली नाहीत.

रॉबर्ट क्लार्कची उमेदवारी या पार्श्वभूमीवर उभी आहे. त्याचा जन्म १९२८ सालचा, होम्स काऊंटीतील एबनेझर गावचा. शिक्षक, फुटबॉलचा प्रशिक्षक, मिशिगन स्टेट विद्यापीठाचा पदव्युत्तर पदवीधर. घरची स्वतःची जमीन होती. त्याची मागणी अगदी साधी होती : काऊंटीत प्रौढ शिक्षणाचे वर्ग सुरू करा. शाळा मंडळाने ती फेटाळली. तेव्हा त्याने ठरवले, की शाळा अधीक्षकाच्याच पदाला उभे राहावे. तर ते पदच निवडणुकीतून काढून टाकलेले. मग तो थेट विधिमंडळाच्या जागेकडे वळला. तेथे जे. पी. लव्ह हे मुरलेले गोरे आमदार बसले होते, सभागृहाच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष.

पण क्लार्क ‘माझा मीच’ म्हणून उभा राहिला नाही. मतपत्रिकेवर तो अपक्ष होता. वस्तीत तो फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीचा उमेदवार होता. चार वर्षे दर महिन्याला भरणाऱ्या बैठका, सह्या गोळा करणारे हात, मतदारांना केंद्रावर नेणाऱ्या गाड्या, निरक्षर म्हाताऱ्यांना मतपत्रिका समजावून देणाऱ्या बाया, हे सगळे त्याच्या मागे होते. माइलस्टनचे शेतकरी होते. त्याच पक्षाने त्या वर्षी काऊंटीतील इतर जागांसाठीही उमेदवार दिले; त्यांतील बहुतेक पडले. सत्तर टक्के लोकसंख्या असूनही पडले. दहशत, मळेवाल्यांचा दाब आणि आपला माणूस हे काम करू शकेल का ही आतली शंका, या तिन्हींनी काम केले. क्लार्क जिंकला, तोही अगदी थोड्या मतांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर मिसिसिपीच्या विधिमंडळात आलेला तो पहिला कृष्णवर्णीय.

जानेवारी १९६८ मध्ये तो सभागृहात गेला. १२२ सदस्यांचे सभागृह. बसण्याची व्यवस्था दोघांना मिळून एक मेज, अशी. क्लार्कच्या शेजारी कोणी बसले नाही. १९७५ च्या निवडणुकीत आणखी कृष्णवर्णीय सदस्य आले, तोवर तो त्या दोघांच्या मेजाशी एकटाच बसत असे. वर्गाच्या बाहेर बसून शिकलेले बाबासाहेब आपल्याला आठवतील. फरक इतकाच, की हा विद्यार्थी नव्हता. हजारो मतदारांचा निवडलेला प्रतिनिधी होता. अस्पृश्यतेला निवडणुकीचा निकाल मान्य नसतो.

मग या एकट्या माणसाने साधले काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देऊ नये. पहिली आठ वर्षे त्याच्या हाती फारसे नव्हते. ज्या फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीने त्याला निवडून आणले, ती पुढील काही वर्षांत क्षीण झाली. तिचे कार्यकर्ते नव्याने खुल्या झालेल्या डेमोक्रॅटिक पक्षात गेले. क्लार्कही पुढे त्याच पक्षाचा आमदार म्हणून निवडून येत राहिला. १९८२ आणि १९८४ साली तो केंद्रीय प्रतिनिधिगृहासाठी उभा राहिला आणि दोन्ही वेळा पडला. दुसरीकडे, १९७७ साली तो शिक्षण समितीचा अध्यक्ष झाला. म्हणजे ज्या लव्हना त्याने हरवले होते, त्यांच्या खुर्चीत बसला. वंशभेदाच्या शाळा चालू ठेवण्यासाठी मिसिसिपीने १९५६ साली सक्तीच्या शालेय हजेरीचा कायदाच रद्द केला होता. १९८२ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने सक्ती परत आणली आणि राज्यभर सरकारी बालवर्ग सुरू केले. तो कायदा पार पडण्यात समितीचा अध्यक्ष म्हणून क्लार्कचा मोठा वाटा होता. प्रौढांच्या रात्रीच्या वर्गासाठी ज्याला नकार मिळाला होता, त्याने पंधरा वर्षांनी राज्यातील प्रत्येक मुलाला शाळेत बसविण्यास हातभार लावला. १९९२ साली तो सभापतींच्या खालोखालच्या पदावर निवडला गेला. छत्तीस वर्षे तो सभागृहात होता. मार्च २०२५ मध्ये, ९६ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

यात आणखी एक धागा आहे. १९७९ पर्यंत मिसिसिपीत अनेक सदस्यांचे मिळून मोठे मतदारसंघ असत. त्यांत काळी मते बुडून जात. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर त्या वर्षी एकसदस्य मतदारसंघ आले आणि कृष्णवर्णीय आमदारांची संख्या एकदम सतरावर गेली. तेव्हा माणसाच्या गुणवत्तेइतकीच मतदारसंघाची आखणीही महत्त्वाची असते. आपल्याकडे १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत राखीव जागा द्विसदस्य मतदारसंघांत असत. १९६१ च्या कायद्याने ती पद्धत बंद झाली. पण एकसदस्य राखीव मतदारसंघातही आपले मत बहुधा अल्पमतच असते. होम्सचे लोक काऊंटीत बहुसंख्य होते. आपण एखाद्या राखीव मतदारसंघात क्वचितच बहुसंख्य असतो. हा मोठा भेद आहे आणि तो नजरेआड करून होम्सचा धडा जसाच्या तसा उचलता येणार नाही.

आता आपल्या घरात पाहू. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्यांच्या बदल्यात १४८ राखीव जागा आल्या, हे आपण पाठ करतो. पण त्या करारात आणखी एक कलम होते. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणूक घेऊन चार उमेदवारांचे मंडळ निवडायचे आणि त्या चारांतून सर्वांनी एक निवडायचा. ही तरतूद अपुरी होती. १९४६ च्या निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्‌स फेडरेशनचे उमेदवार प्राथमिक फेरीत अनेक ठिकाणी पुढे होते आणि अंतिम फेरीत सर्वांच्या मतांनी पडले, हा तिच्या अपुरेपणाचा पुरावाच होय. तरीही त्या कलमात एक तत्त्व होते : तुम्हांला उभे कोणी केले, या प्रश्नाचे उत्तर आधी वस्तीने द्यायचे. राज्यघटनेत राखीव जागा राहिल्या, हे तत्त्व राहिले नाही. ती जागा भरण्याचे काम पक्षांच्या तिकीट वाटणाऱ्या मंडळांकडे गेले. अटलांटिक सिटीत जे नाकारले गेले, ते आपल्याकडे नियम झाले. आमची जागा आणि माणूस त्यांनी निवडलेला.

म्हणून आपला शिकलेला, स्वाभिमानी तरुण अपक्ष उभा राहतो. त्याचा राग खरा आहे. पण राग म्हणजे संघटना नव्हे. बाबासाहेबांकडे पाहा. १९३६ साली त्यांनी ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ काढला. नावात ‘स्वतंत्र’ आहे, पण तेथे एकटा माणूस नाही. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षाने मुंबई इलाख्यात सतरा उमेदवार दिले आणि चौदा निवडून आणले. ‘स्वतंत्र’ आणि ‘अपक्ष’ या शब्दांत हे अंतर आहे. अपक्ष म्हणजे ज्याला पक्ष नाही. स्वतंत्र म्हणजे ज्याचा मालक नाही. पक्ष नसूनही मालक असू शकतो. १९९५ साली महाराष्ट्र विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले. त्यांतील पुष्कळजण तिकीट न मिळालेले बंडखोर होते. त्यांच्या पाठिंब्यावर सरकार उभे राहिले. सामान्य माणसाच्या मनात ‘अपक्ष’ या शब्दाला बाजाराचा वास आला तो अशा अनुभवांमुळे.

कायद्याचीही दिशा पाहावी. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार पुढे एखाद्या पक्षात गेला तर त्याचे सदस्यत्व जाते. १९९६ साली तमिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले, बहुतेक अपक्ष; मतपत्रिकेचे पुस्तक करावे लागले. त्याच वर्षी कायदा बदलला. विधानसभेसाठी अनामत पाच हजार, अनुसूचित जाती-जमातींसाठी अडीच हजार झाली. २०१० पासून ती दहा हजार आणि पाच हजार आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. येथील हेतू मिसिसिपीचा होता, असे मी म्हणणार नाही. उमेदवारांची गर्दी खरी होती. पण परिणाम पाहिला पाहिजे. आमच्या एकशे पंचवीस रुपयांच्या वर्गणीचे आता पाच हजार झाले आहेत. आणि दहा सूचकांच्या अटीला मी भीतही नाही. ज्याला आपल्या मतदारसंघात उघडपणे सही करणारे दहा माणसे मिळत नाहीत, त्याने उभे राहू नये. भूमिहीन माणसाने सही करायला सरपंचाची परवानगी लागू नये, ही खरी लढाई आहे.

अलीकडचे एक उदाहरण आपल्या शेजारचे आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर अहमदाबादेहून उनापर्यंत पदयात्रा निघाली, मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारण्याच्या शपथा झाल्या, जमिनीची मागणी पुढे आली. डिसेंबर २०१७ मध्ये या चळवळीतून आलेले जिग्नेश मेवाणी वडगाम या राखीव जागेवर अपक्ष उभे राहिले आणि १९,६९६ मतांनी निवडून आले. काँग्रेसने तेथे उमेदवार दिला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. २०२२ साली ते काँग्रेसच्या तिकिटावर त्याच जागी निवडून आले. होम्समध्ये झाले तेच येथे झाले : चळवळीने दार उघडले, आत गेल्यावर पक्षाचा आधार लागला. यात कोणी फितुरी पाहील, कोणी व्यवहार. मला त्यात एक जुना प्रश्न दिसतो. माणूस आत गेल्यावर बाहेरच्या संघटनेचे काय होते? होम्समध्ये ती विरली. क्लार्क छत्तीस वर्षे टिकला, पण ज्या बैठकांनी त्याला पाठवले, त्या तितक्या टिकल्या नाहीत. तो इतिहासही विजयाच्या इतिहासाइतकाच आपण वाचला पाहिजे.

कार्यकर्ता मित्रांना माझे सांगणे इतकेच, की अपक्ष उमेदवाराला पाठिंबा देण्यापूर्वी त्याचे भाषण ऐकू नका, त्याच्या मागे पाहा. ज्या वस्त्यांच्या नावाने तो मते मागतो, त्यांची बैठक झाली का? उमेदवार चारांतून निवडला, की एकानेच स्वतःला निवडले? निवडून आला तर दर महिन्याला हिशेब कोणाला देणार? पडला तर दुसऱ्या दिवशी ती बैठक भरणार का? पुणे कराराचे हरवलेले कलम कोणतेही सरकार आपल्याला परत देणार नाही. पण आपल्या वस्तीत चार नावे मांडून एक निवडण्याला कायद्याची बंदी नाही. त्याला अनामतही लागत नाही.

आमचे वकीलसाहेब पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. तो म्हाताराही आता हयात नाही. त्याने मिसिसिपीचे नाव ऐकलेले नसणार. पण माइलस्टनच्या शेतकऱ्यांनी जे केले, तेच तो त्या संध्याकाळी विचारत होता. तुम्हांला उभे कोणी केले, हा टोमणा नव्हता. आम्हांला विचारले का नाही, ही त्याची तक्रार होती. आणि ती खरी होती.